नऊ नंबरची पदवी

क्रुम्बाख, १६ ऑक्टोबर २०२३

चि. हेनिंग यास रोसविथा आत्याचे अ. उ. आ. (उत्तम की कसे, ते पत्र संपल्यावर तूच ठरव.)

तुझं रंगीत पुस्तक पोचलं. पोस्टमनने हातात देताना विचारलं की सहलीच्या कंपनीचं आहे का. त्याची चूक नाही. मुखपृष्ठावर पाच पोरं हिरवळीवर पालथी पडून हसताहेत, एकाच्याही हातात वही नाही. मी त्याला सांगितलं की हे होहेनरोडा विद्यापीठाचं आहे, माझा भाचा तिथल्या परदेशी विद्यार्थी विभागाचा प्रमुख आहे, आणि हे त्याच्याच डोक्यातून निघालंय. बिचारा घाईघाईने सायकलवर बसला.

तू अभिप्राय मागितलास म्हणून देते. मागितला नसतास तरी दिला असता. मी पदव्यांचे प्रकार मोजले. बॅचलर. मास्टर. मग बॅचलरच्या पाठोपाठ घ्यायची मास्टर, आणि नोकरी करून दमल्यावर घ्यायची मास्टर. दोन देशांत निम्मी निम्मी शिजवलेली जोडपदवी. डॉक्टर, वकील आणि शिक्षकांची सरकारी परीक्षा, तेवढी एक ओळखीची. शेवटी डॉक्टरेट, पण तीही आता साधी नाही, 'आखीव' डॉक्टरेट. आइस्क्रीमच्या दुकानातसुद्धा माणूस इतका गोंधळत नाही. आमच्या वेळी एक डिप्लोम होता. पोरगं पाच वर्षं घासायचं, हातात एक कागद पडायचा, आणि तो कागद हनोईत नि उलानबातरमध्ये लोक काचेत लावून ठेवायचे.

आणि आठवा प्रकार तू शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लपवला आहेस. एक वर्ष या, बसा, पदवी न घेता जा. म्हणजे लग्नाला जायचं, आहेर द्यायचा आणि पंगत बसायच्या आत निघायचं! वर कळस म्हणजे पान चौदावर जी 'ग्लोबल फॉरेस्ट' नावाची मास्टर आहे, त्याच नावाचं बिनपदवीचं वर्ष पान एकतीसवर आहे. घरातल्या दोन पोरांना एकच नाव ठेवायचं आणि हाक मारल्यावर कोण धावत येतं ते बघत बसायचं, असा हा कारभार. मी तिथल्याच परीक्षा विभागात एकेचाळीस वर्षं काढली, आधी पूर्व जर्मनीची आणि मग एकत्र जर्मनीची अशा दोन राजवटी पाहिल्या, पण असला पोरखेळ पाहिला नाही. अजूनही दर मार्चमध्ये नव्या कारकुनांना फॉर्म कसा वाचावा हे शिकवायला मलाच बोलावतात, तुला नाही, हे लक्षात असू दे.

आता कामाचं. माझ्याकडे वरच्या खोलीत राहते ती मंगोलियाची उयांगा तुला ठाऊक आहे. जंगलशास्त्राची मास्टर करते, एक वर्ष झालं, एक राहिलं. मुलगी हुशार, एकच खोड, चहात मीठ घालते. परवा बसमध्ये तिचा विद्यार्थी पास चालला नाही. काल वाचनालयाच्या दारानेही तिला आत घेतलं नाही. तुमचं यंत्र बिघडलं असणार, दुसरं काय. जरा उठून बघ.

लोभ आहे, पण पुस्तक वाचून थोडा आटला आहे.

तुझी
रोसविथा आत्या

ता. क. टेलिफोन करू नकोस. बोललेलं फाइलला लावता येत नाही.

* * *

होहेनरोडा, २० ऑक्टोबर २०२३

तीर्थरूप रोसविथा आत्यास हेनिंगचे शि. सा. न.

अभिप्राय मिळाला. पोस्टमनच्या मतासकट फाइलला लावला. तुझ्या डिप्लोमला जाऊन दहा वर्षं झाली, आत्या. मेल्यावर इतकं कौतुक तू आमच्या आतोबांचंही केलं नाहीस.

पण पुढचं लिहिताना मला थट्टा सुचत नाही. यंत्र बिघडलेलं नाही. उयांगाची नोंद मास्टरला नाहीच. ती बिनपदवीच्या वर्षाला आहे, म्हणजे होती. ते वर्ष सप्टेंबरअखेर संपलं, आणि आमचं तसं पत्र तिला जुलैच्या सहा तारखेला गेलं आहे. आता ती विद्यार्थी नाही. तिचा राहण्याचा परवाना एकतीस डिसेंबरपर्यंत आहे, आणि प्रवेश नसेल तर तो पुढे वाढणार नाही. हरकत घ्यायला एक महिना असतो, तो ऑगस्टमध्येच उलटला. तिने घरी परत जाऊन पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा, एवढंच मी सुचवू शकतो.

मला वाईट वाटतं. पण इतकं साधं पत्र तिने वाचलं कसं नाही, हे मला कळत नाही. आम्ही मुद्दाम सोपं लिहिलं होतं. तुमच्या काळातली पत्रं वाचून पोरं रडायची, म्हणून तर मी ती बदलली.

तुझा लोभ आटला असेल तर भरून काढायला मी नाताळात येतोच आहे.

तुझा
हेनिंग

* * *

क्रुम्बाख, २४ ऑक्टोबर २०२३

चि. हेनिंग यास आशीर्वाद. या वेळी उत्तम नाहीत.

म्हणे वाचलं कसं नाही! वाचलं तर. वाचलं, आनंदली, आणि पलंगाच्या वर भिंतीला चिकटवलं. मी आज जिना चढून ते भिंतीवरून काढून आणलं. समोर ठेवूनच लिहिते आहे.

वर कोपऱ्यात फुगा. हो, फुगा. खाली, 'हॅलो उयांगा! आमच्यासोबतचा तुझा प्रवास किती सुंदर झाला! तू तुझं वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलंस, आम्हाला तुझा अभिमान आहे, तू कायम आमच्या कुटुंबाची राहशील.' पोरीला वाटलं पहिल्या वर्षात पास झाले म्हणून शाबासकी आली. आईला फोटो काढून पाठवला. तिकडे गावात या कागदापायी मेंढरू कापून जेवण घातलं, तुला माहीत आहे का? आणि हे हाकलून दिल्याचं पत्र! अरे, माणसाला दाराबाहेर काढायचं तर दार तरी दाखवावं. तुम्ही हार घालून, गाल धरून, ढकललंत. आमची पत्रं वाचून पोरं रडायची, खरं आहे. पण कशासाठी रडतोय हे त्यांना कळायचं.

उयांगाला मी सगळं समजावून सांगितलं. ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं की मग वर्षभर दिलेल्या परीक्षांचं काय झालं. त्या कशातच धरल्या जाणार नाहीत, हे तिला सांगण्याचा प्रसंग तू माझ्यावर आणलास. पुन्हा अर्ज करायला तिला काय, शेजारच्या गावाहून यायचंय? तिच्या खेड्यातून राजधानीलाच दोन दिवस लागतात. इथे येण्यासाठी तिने तिथली वनखात्याची जागा सोडली. ती जागा आता भरली आहे. ती परत गेली तर परत येणार नाही, हे तुलाही कळतं आणि मलाही.

आता शहाण्या, ते पत्र उलटून बघ. मागे काही नाही ना? पुढेही नाही. आमच्या प्रत्येक निर्णयाच्या तळाला एक रुक्ष परिच्छेद असायचा. या निर्णयाविरुद्ध एक महिन्याच्या आत, अमुक कार्यालयात, लेखी हरकत घेता येईल. मी तो जन्मात काही हजार वेळा टंकला असेल. तो कुणी वाचत नसे, पण तो असायचा, कारण तो नसेल तर महिन्याची मुदत लागतच नाही. मग पूर्ण एक वर्ष मिळतं. हा कायदा तुझ्या खुर्चीखाली तुझ्या जन्माआधीपासून पडलेला आहे. तू फुग्याला जागा करायला तो परिच्छेद काढलास, आणि पोरीला जुलैपर्यंतची सवड देऊन बसलास. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

उयांगाची हरकत सोबत जोडली आहे, सहीची, कागदावर, रजिस्टर पोस्टाने. पोचल्याचा शिक्का मारून प्रत मला पाठव. तुझ्या विभागाने काय घोळ घातला ते शोध. या मुलीने मास्टरसाठीच अर्ज केला होता, मी शपथेवर सांगते.

लोभाचं नंतर बघू.

रोसविथा

* * *

होहेनरोडा, ६ नोव्हेंबर २०२३

तीर्थरूप आत्यास हेनिंगचा शि. सा. न., कान धरून.

तू जिंकलीस. आमच्या वकीलबाईंनी ते पत्र पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि विचारलं की हा मजकूर कुणी मंजूर केला. मीच केला होता. तो परिच्छेद धमकीसारखा वाटतो असं बैठकीत सगळ्यांचं मत पडलं होतं, आणि सर्वांत मोठ्याने मी बोललो होतो. हरकत मुदतीत धरली आहे. शिक्क्याची प्रत सोबत आहे.

पण हरकत वेळेत असणं वेगळं आणि खरी असणं वेगळं, हे तूच मला शिकवलंस. म्हणून मी तळघरातून मूळ अर्ज काढवला. अभ्यासक्रमाच्या नावापुढे 'ग्लोबल फॉरेस्ट' आहे, पण दोन्हींचं नाव तेच असल्यामुळे त्याचा काही उपयोग नाही. तो दोष आमचा, कबूल. खरा निवाडा होतो खालच्या चौकटीत. 'कोणती पदवी हवी?' तिथे अर्जासोबतच्या यादीत बघून आकडा लिहायचा असतो. मास्टरचा आकडा चार. उयांगाच्या चौकटीत नऊ आहे, आणि नऊ म्हणजे 'पदवी नको'.

दोन तारखेला मी उयांगाला बोलावलं. गैरसमजातून लिहिलं, की कुणी सांगितलं म्हणून लिहिलं, असं मी तीन वेगळ्या तऱ्हांनी विचारलं. खरं सांगायचं तर तिला वाट काढून देत होतो. तिने शांतपणे सांगितलं की आकडा तिने स्वतःच, यादी वाचून लिहिला, कुणाचीही मदत नव्हती. तसं लिहून सहीही दिली. आता हरकती ऐकणाऱ्या समितीपुढे तिच्या हातचं हे लेखी आहे की तिने समजून उमजून पदवी नको म्हटलं. यानंतर ही हरकत फेटाळली जाणार. समिती एकोणतीस नोव्हेंबरला बसते.

अर्जाची छायाप्रत सोबत ठेवतो आहे. आत्या, तो नऊ नीट बघ. त्याची शेपटी डुकराच्या शेपटीसारखी आत वळली आहे. माझ्या नवव्या वाढदिवसाच्या कार्डावर असाच नऊ होता, मी तो गिरवून गिरवून शिकलो होतो. मी समितीत हे कुणाला बोललेलो नाही. बोलू की नको ते तू ठरव.

लोभ असू दे. या वेळी मनापासून मागतो आहे.

तुझा
हेनिंग

* * *

क्रुम्बाख, १० नोव्हेंबर २०२३

चि. हेनिंग यास अ. उ. आ.

तो नऊ माझा आहे.

गेल्या वर्षी सप्टेंबरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मी आलुबुखारचा केक केला होता. उयांगा नवीच आली होती, फॉर्म आणि यादी घेऊन खाली उतरली. मी तिच्या हातून पेन घेतलं. पदवीच्या चौकटीपाशी आल्यावर तिने यादी पुढे केली आणि बघायचं का म्हणून विचारलं. मी सांगितलं की हा फॉर्म मी तू जन्मायच्या आधीपासून भरते आहे, पूर्ण पदवी म्हणजे नऊ, तो कागद ठेव बाजूला आणि केक खा. तिने दुसऱ्यांदाही विचारलं. माझ्या तोंडाकडे बघून मग यादी बशीखाली सरकवली.

आमच्या वेळी नऊ म्हणजे डिप्लोम. तुमची मास्टर म्हणजे त्याचंच इंग्रजी टोपणनाव, अशी माझी समजूत. समजूत कसली, मिजास. डिप्लोम गेल्यावर त्याचा आकडा रिकामा पडला असेल आणि तो तुम्ही कुणाला तरी दिला असेल, हे बघायला यादी वाचावी लागली असती. तुम्ही नव्याने छापलेलं मी काही वाचत नाही. हसत हसत दुसऱ्यांना वाचून दाखवते तेवढंच.

छायाप्रत घेऊन मी जिना चढले आणि तिला विचारलं की खोटं का लिहून दिलंस. तिने आधी मला पलंगावर बसवलं. मग सांगितलं की तिच्या आजोबांनी एकदा उतारवयात खोगिराचा पट्टा सैल बांधला होता. घरच्या सगळ्यांना दिसलं. पण पाहुणे उभे होते, म्हणून कुणी बोललं नाही. आज पायीच जाऊ या म्हणाले, आणि सगळे दिवसभर चालले. तुम्ही मार्चमध्ये त्या नव्या लोकांना शिकवता, ते तुम्हाला हसले असते, म्हणाली. म्हणजे माझ्यासाठी ही पोर मंगोलियापर्यंत पायी जायला निघाली होती, हेनिंग. चहात मीठ घालते म्हणून जिला मी वर्षभर टोचून बोलले, ती.

मला लाज वाटली. इतकी की खाली येऊन मी दिवा न लावता बसून राहिले. एकेचाळीस वर्षांत एका आकड्यासाठी, एका सहीसाठी मी किती जणांना खिडकीवरून परत पाठवलं, त्याची गणती नाही. अठ्ठ्याऐंशी साली एक व्हिएतनामी मुलगा आला होता, फॉर्म एक दिवस उशिरा. त्याने काय कारण सांगितलं ते मी ऐकूनही घेतलं नाही, नियमावर बोट ठेवलं. संध्याकाळी घरी येऊन नेहमीसारखी जेवले. त्यांच्यापैकी एकासाठीही मी कधी चार पावलं चालले नाही.

असो. रडगाणं फाइलला लागत नाही. सोबत माझा कबुलीजबाब दोन प्रतींत आहे, गावच्या कचेरीत सही साक्षांकित करून घेतली आहे. त्यात लिहिलं आहे की आकडा मी लिहिला, यादी न बघता, अर्जदाराने दोनदा विचारूनही. तिने दिलेला जबाब मला वाचवण्यासाठी आहे, हेही लिहिलं आहे. उयांगाने जबाब मागे घेतल्याचा कागद वेगळा आहे. त्यावर सही करायला ती तासभर तयार नव्हती. शेवटी मी घरमालकीण म्हणून हुकूम सोडला.

हे समितीपुढे पूर्ण वाचायचं. भाषा गोड करू नकोस, फुगा काढू नकोस. आणि माझ्या कबुलीने तू सुटलास असं समजू नकोस. एका नावाचे दोन अभ्यासक्रम हा गाढवपणा तुझाच, तो मी घेणार नाही.

लोभ माझ्याकडून पूर्ण आहे. तुझ्याकडे किती उरतो ते बघ.

तुझी
रोसविथा आत्या

* * *

होहेनरोडा, १ डिसेंबर २०२३

तीर्थरूप रोसविथा आत्यास हेनिंगचे शि. सा. न.

आधी निकाल. हरकत मान्य. उयांगाची नोंद मास्टरला, गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून, झालेल्या सगळ्या परीक्षांसह. निर्णयाचा कागद आणि नवा नोंदणी दाखला तिला वेगळ्या पाकिटाने निघाला आहे. परवाना वाढवायला तेवढं पुरे. मजकूर मी लिहिला नाही, वकीलबाईंनी लिहिला. वाळलेल्या पावासारखा कोरडा आहे, तुला आवडेल.

तुझा कबुलीजबाब पूर्ण वाचला, मीच वाचला. 'दोनदा विचारूनही' हे शब्द आले तेव्हा एकजण हसला. मी हसलो नाही, तुला खोटं वाटेल. वाचून झाल्यावर वकीलबाईंनी विचारलं की या एका नावाने आणखी किती जण फसले असतील. आम्ही शोधलं. अकरा निघाले. सात जण घरी परतले आहेत, त्यांनाही फुगा मिळाला होता. आता त्या सगळ्यांना पत्रं जाताहेत, तळाशी परिच्छेद असलेली. त्यांतले किती परत येऊ शकतील, मला माहीत नाही. हा गाढवपणा माझाच. वर सहीही माझीच आहे.

आता वाईट. मार्चच्या वर्गाला या वेळी दुसऱ्या कुणाला बोलवायचं ठरलं. ठराव आला तेव्हा मी विरोध केला नाही. करायला हवा होता का, हे त्या दिवसापासून मला कळलेलं नाही. तुला माझ्याकडूनच समजावं म्हणून लिहितो.

लोभ तसूभर कमी झालेला नाही. नाताळात मोजून बघ.

तुझा
हेनिंग

* * *

क्रुम्बाख, ६ डिसेंबर २०२३

चि. हेनिंग यास अ. उ. आ., या वेळी खरोखरचे.

विरोध केला नाहीस ते योग्य केलंस. यादी न वाचणाऱ्या बाईने वाचायला काय शिकवायचं? वाईट वाटलं. दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी तळघरातल्या बरण्या पुसल्या.

त्या सात जणांची नावं मला पाठव. तुझे लोक पत्र टाकून मोकळे होतील. मला आता मार्च रिकामा आहे. एकेकाला लिहून विचारीन की कुठपर्यंत पोचलात, कुठला कागद अडला. माझं इंग्रजी भयंकर आहे, पण फुग्यापेक्षा बरं.

उयांगाचं पाकीट काल आलं. ते न फोडताच ती खाली घेऊन आली. तुमच्या गोड पत्रांनी पोरीला टपालाची धास्ती घातली आहे. मी वाचलं आणि सांगितलं की तू मास्टरची विद्यार्थिनी आहेस, बाई, दुसऱ्या वर्षाची. तिने विचारलं, नक्की ना? माझ्या जिभेवर नेहमीचं उत्तर आलंच होतं. ते गिळलं. तिला म्हटलं, माझ्यावर विसंबू नकोस, यादी आण आणि ओळ न् ओळ स्वतः ताडून बघ.

तिने आणली. दाखला एका हाताला, यादी दुसऱ्या हाताला, बोट ठेवून सगळं वाचलं. नाव, जन्मतारीख, अभ्यासक्रम, सगळे आकडे. चांगली पाऊण तास बसली होती. दोन ठिकाणी अडखळली, मला उत्तर येत होतं, पण मी तोंड उघडलं नाही. हेनिंग, एकेचाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे कागद तपासले, पण खिडकीच्या पलीकडे उभं राहून काय वाटतं हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी तिने बोट उचललं आणि सांगितलं की बरोबर आहे, चार आहे.

मग मी उठून चहा ठेवला आणि मिठाची बरणी तिच्यापुढे सरकवली.

तुझी
रोसविथा आत्या